'अरण्यरुदन' नेमकं कधी म्हणायचं? आणि ऐकून डावललेल्या इशाऱ्याला शब्द कोणता?

शब्दपारखी

औद्योगिक सुरक्षेवरच्या एका पुस्तिकेची मराठी संहिता तपासते आहे. भोपाळच्या प्रकरणात एक वाक्य आलं आणि मी तिथेच अडले. वाक्य असं: "पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 1982 पासून दिलेले इशारे अरण्यरुदन ठरले."

वाचताना खटकत नाही. वर्तमानपत्रांत 'अरण्यरुदन ठरले' हे नेहमी वाचतो. पण भोपाळचा घटनाक्रम समोर ठेवला की हा शब्द मला सैल वाटायला लागतो. डिसेंबर 1981 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूची गळती होऊन एक कामगार दगावला. तो केसवानींच्या ओळखीचा होता. त्यांनी खणायला सुरुवात केली आणि 1982 मध्ये आपल्या 'रपट' या साप्ताहिकातून शहर धोक्यात असल्याचं लागोपाठ लिहिलं. जून 1984 मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. मे 1982 मध्ये कंपनीच्याच अमेरिकेहून आलेल्या पथकानं कारखान्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी लेखी नोंदवल्या होत्या. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री जे झालं ते सर्वांना माहीत आहे.

अरण्यात रडणाऱ्याचं दुःख हे की तिथे ऐकणारं कोणी नसतं. इथे ऐकणारे होते. कामगार संघटनेनं तक्रारी केल्या होत्या, विधानसभेत प्रश्न आला होता, अहवाल छापील होता. मग हे अरण्य कसं? आणि अरण्यरुदन नाही म्हटलं तर मराठीत याला नेमका शब्द कोणता? 'दुर्लक्षित इशारा' मला फार फिका वाटतो. त्यात माणसं मेल्याचा भार येत नाही.

पोथीवाचक

चांगला विषय. आधी शब्दाची घडण बघू.

'अरण्ये रुदनम्' असा सप्तमी तत्पुरुष. संस्कृतात 'अरण्यरुदित' आणि 'अरण्यरोदन' ही रूपंही आहेत, आणि मराठीत 'अरण्यरोदन' लिहिलेलं चुकीचं नाही. लौकिक न्यायांच्या, म्हणजे लोकांत रूढ झालेल्या दृष्टांतांच्या, याद्यांत 'अरण्यरोदनन्याय' आहे. त्याच्याच शेजारी 'अरण्यचंद्रिकान्याय' आहे, म्हणजे रानात पडलेलं चांदणं. एकात दुःख वाया जातं, दुसऱ्यात सौंदर्य.

तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारं एक जुनं सुभाषित आहे. मूर्खाची सेवा करणं म्हणजे काय काय, याची त्यात माळ लावली आहे: अरण्यरुदन केलं, प्रेताला उटणं लावलं, कोरड्या जमिनीवर कमळ लावलं, खारवट रानावर पाऊस पाडला, कुत्र्याचं शेपूट वाकवलं, 'बधिरकर्णजापः कृतो', आंधळ्यासमोर आरसा धरला. यातला 'बधिरकर्णजाप' बघा. बहिऱ्याच्या कानात जप. इथे कान आहे, समोर आहे, जवळ आहे, आणि तरी उपयोग नाही. जुन्यांनी हे दोन प्रकार वेगळे मोजले होते.

रानवाट

'अरण्य' म्हणजे नुसतं जंगल नव्हे, एवढं जोडतो. जुन्या वाङ्मयात 'ग्राम' आणि 'अरण्य' ही जोडी आहे. वस्तीचा शब्द जिथे संपतो तिथून अरण्य सुरू. म्हणून अरण्यरुदनात झाडांना महत्त्व नाही, माणसांच्या अभावाला आहे. शब्दपारखींचा आक्षेप मला पटतो.

कडूलिंब

मला पटत नाही. वाक्प्रचार असा चिमट्यात धरून तपासला तर एकही टिकणार नाही.

आणि पुरावा पोथीवाचकांच्याच अंगणात आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुसऱ्या अंकात विदूषक राजाला शिकारीच्या दगदगीबद्दल कळवळून सांगतो. राजाचं चित्त शकुंतलेकडे. तेव्हा विदूषक म्हणतो, 'अरण्ये मया रुदितमासीत्', मी अरण्यातच रडलो म्हणायचं. मूळ प्राकृतात आहे, अर्थ हाच. आता राजा कुठे आहे? त्याच्या पुढ्यात! हाकेच्या अंतरावरही नाही, हातभर अंतरावर. म्हणजे निदान कालिदासाच्या काळापासून हा शब्द 'समोर माणूस असून नसल्यासारखा' या अर्थानेच चालतो. अरण्य ऐकणाऱ्याच्या मनात आहे. संपादकांनी वाक्याला हात लावू नये.

शब्दपारखी

कडूलिंब, विदूषकाचा दाखला बिनतोड आहे. शब्दाचा वापर चूक आहे हे मी मागे घेते.

पण माझा प्रश्न थोडा सरकवून पुन्हा ठेवते. राजाचं लक्ष नव्हतं. त्याच्यापर्यंत शब्द पोचलेच नाहीत. भोपाळमध्ये शब्द पोचले, वाचले गेले, त्यांना उत्तरही दिलं गेलं की काळजीचं कारण नाही. लक्ष नसणं आणि लक्ष देऊन बाजूला ठेवणं या दोन्हीला एकच शब्द वापरला, तर दुसऱ्या प्रकारातली जबाबदारी पुसट होते. 'अरण्यरुदन ठरले' या वाक्यात कर्ता रडणारा आहे. न ऐकणारा वाक्यात कुठेच नाही. मला तेच बोचतं.

मोजपट्टी

यंत्रांच्या तपासणीचं काम करतो, म्हणून हा धागा वाचल्यावर राहवलं नाही.

नासाचं 'चॅलेंजर' हे अवकाशयान घ्या. 28 जानेवारी 1986. उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान फुटलं, सातही जण गेले. कारण घन इंधनाच्या रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं, ज्याला ओ-रिंग म्हणतात. थंडीत ते कडक होतं आणि सांधा वेळेत बंद होत नाही. रॉजर बॉइसजॉली या अभियंत्यानं जुलै 1985 मध्येच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हा प्रश्न सुटला नाही तर मनुष्यहानी होईल. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवर लांबलचक बैठक झाली. अभियंत्यांचं म्हणणं होतं की सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका, कारण त्याहून थंडीत उडवल्याचा अनुभवच नाही. सकाळी तापमान दोन अंशांच्या आसपास होतं.

त्या बैठकीत काय घडलं हे नीट बघण्यासारखं आहे. ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीनं आधी 'उडवू नका' असंच सांगितलं होतं. नासाकडून नाराजी आल्यावर कंपनीचे व्यवस्थापक वेगळे बसले, अभियांत्रिकी प्रमुखाला सांगण्यात आलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल, आणि सल्ला फिरला. एरवी प्रश्न असायचा, 'सुरक्षित आहे हे सिद्ध करा'. त्या रात्री तो उलटला: 'असुरक्षित आहे हे सिद्ध करा'.

याला अरण्यरुदन कसं म्हणायचं? प्रत्येक शब्द ऐकला गेला, त्यावर प्रतिप्रश्न झाले, वेगळी बैठक घेऊन निर्णय झाला. याला मराठीत सरळ क्रियापद आहे: इशारा डावलला.

सांजवात

मोजपट्टींनी योग्य जागी बोट ठेवलं. मला वाटतं मराठीत नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापदांकडे बघावं. तिथे भाषा अतिशय श्रीमंत आहे आणि आपण 'दुर्लक्ष केले' या दोन शब्दांवर सगळं भागवतो.

दुर्लक्ष म्हणजे लक्ष गेलंच नाही किंवा जाऊ दिलं नाही. हेतू असेलच असं नाही. कानाडोळा मात्र हेतुपुरस्सर, पाहिलंय पण न पाहिल्यासारखं. या शब्दात 'कान' आणि 'डोळा' आहेत असं बरेच जण समजतात. मला 'काणा डोळा', म्हणजे तिरक्या नजरेनं बघणं, ही उकल जास्त पटते, कारण कानाडोळा आपण नेहमी दिसणाऱ्या गोष्टीकडे 'करतो'. चुकीकडे कानाडोळा, अतिक्रमणाकडे कानाडोळा. म्हणून बोललेल्या इशाऱ्याला 'कानाडोळा केला' म्हणण्यापेक्षा 'कानाआड केला' हे नेमकं. कानाआड करण्यात शब्द कानापर्यंत आलेला असतो, त्याला मागे ढकललं जातं.

उडवून लावणे यात हसण्याचा अंश आहे: 'छे, असं काही होत नाही'. झिडकारण्यात सांगणाऱ्याचा अपमान आहे. धुडकावण्यात अधिकाराची गुर्मी. डावलण्यात एक शांत, हिशेबी गोष्ट आहे. ज्याचा हक्क होता त्याला रांगेतून बाजूला काढलं. पात्र माणसाला बढतीत डावलतात, तसाच पात्र इशाऱ्याला. मोजपट्टींचं क्रियापद म्हणूनच चपखल बसतं. धुडकावलं म्हटलं असतं तर त्या बैठकीचं चित्र चुकलं असतं.

आणि 'बासनात गुंडाळणे' विसरू नका. अहवालांसाठी यापेक्षा अचूक शब्द नाही. त्यात फेकून देणं नाही, जपून ठेवणं आहे. नष्ट न करता निरुपयोगी करणं. केराच्या टोपलीपेक्षा हे जास्त वाईट, असं माझं मत आहे, कारण टोपलीत टाकणारा निदान नाकारतो तरी.

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. माझ्या कामातला एक प्रकार वरच्या कुठल्याच क्रियापदात बसत नाही.

खाटेशेजारचा मॉनिटर सतत वाजतो. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा क्लिप सरकला, वाजला. छातीवरची लीड सुटली, वाजला. रुग्ण कुशीवर वळला, वाजला. यातले बहुतेक आवाज असे की रुग्णाला काहीच झालेलं नसतं. शेजारी सलाईनचा पंप वाजतो, व्हेंटिलेटर वाजतो. काही तासांनी मेंदू तो आवाज पार्श्वभूमीत ढकलतो. मग कोणी आवाज कमी करतं, कोणी मर्यादा सैल करतं, आणि त्या गजरांच्या गर्दीत खरा गजर येतो. आम्ही याला अलार्म फटीग म्हणतो. जगभरच्या रुग्णालयांत यावर काम चालू आहे. उपाय म्हणून रुग्णागणिक मर्यादा ठरवणं, लीड रोज बदलणं, बिनकामाचे गजर मुळातच बंद करणं असं केलं जातं, आणि त्याचा फरक पडतो.

लोक लगेच 'लांडगा आला रे आला' म्हणतात. मला ते लावलेलं आवडत नाही. त्या गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता. मॉनिटर खोटं बोलत नाही, तो सांगितलेलं काम करतो. आणि परिचारिका कानाआडही करत नाही. इथे कोणीच गुन्हेगार नसताना इशारा बुडतो. याला शब्द सुचवा.

पोथीवाचक

रात्रपाळी, 'नगाऱ्याची घाई तेथे टिमकीचे काय' ही म्हण तुमच्या अगदी जवळ आहे. लहान आवाज मोठ्या आवाजात हरवतो. फरक एवढाच की तुमच्याकडे नगारा आणि टिमकी दोन्ही एकाच आवाजाची आहेत.

रात्रपाळी

हो, आणि तोच सगळा प्रश्न आहे. 'गजरबधिर' असं मी मनात म्हणते. कोणी वापरलं तर बरं वाटेल.

बातमीकक्ष

वर्तमानपत्रात हवामानाच्या बातम्या लावतो. रात्रपाळींचं ऐकून आमच्याकडचं सांगावंसं वाटलं, कारण यात शब्दांचा थेट हात आहे.

भारतीय हवामान विभागाचे रंग ठरलेले आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. तीन वेगळ्या सूचना, चढत्या क्रमाच्या. मराठी बातमीत या तिन्हींचं काय होतं? 'पिवळा इशारा', 'नारिंगी इशारा', 'लाल इशारा'. किंवा तिन्हींना 'अलर्ट'. रंग वेगळा, नाम एकच. वाचणाऱ्याला पावसाळाभर 'इशारा' दिसतो आणि लाल येतो तेव्हा तोही त्याच रांगेत उभा राहतो. 'इशारा' हा शब्द मुळात अरबी, अर्थ खूण. हिंदीत आजही मुख्यतः खूणच. मराठीनं त्याला धोक्याच्या सूचनेचं वजन दिलं आणि आपणच ते रोज थोडं थोडं उतरवतो आहोत.

मी माझ्यापुरतं पिवळ्याला 'सूचना', नारिंगीला 'सज्जतेचा इशारा' आणि लाल असेल तरच 'धोक्याचा इशारा' असं लिहायला सुरुवात केली आहे. मथळ्यात जागा कमी पडते, तरी लिहितो.

कडूलिंब

बातमीकक्ष, हे मनापासून आवडलं. असं सगळ्यांनी केलं पाहिजे.

मूळ मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. सर्वसामान्य वाचक 'अरण्यरुदन' वाचून 'कोणी ऐकलं नाही' एवढंच घेतो आणि ते बरोबरच आहे.

उंबरठा

कडूलिंब, 'कोणी ऐकलं नाही' हे तीन शब्द इतके साधे नाहीत. मला सगळा धागा इथेच गुंतलेला दिसतो.

मराठीत 'ऐकणे' दोन कामं करतं. 'आवाज ऐकला' इथे कानाचं काम. 'मुलगा माझं ऐकत नाही' इथे मुलाचे कान ठणठणीत आहेत, तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही. 'ऐकू आलं नाही' आणि 'ऐकलं नाही' यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात माणूस निर्दोष, दुसऱ्यात दोषी. आणि आपण इशाऱ्यांबद्दल बोलताना नेमका दुसरा प्रयोग करतो, पण दोषी ठरलेला माणूस पहिला अर्थ घेऊन सुटतो. 'आमच्यापर्यंत आलंच नव्हतं.'

आता विदुर बघा. उद्योगपर्वात संजय पांडवांकडून परततो आणि निरोप उद्या सभेत सांगतो म्हणून निघून जातो. धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. रात्रभर विदुर बोलतो. आपण ज्याला विदुरनीती म्हणतो ती हीच रात्र. म्हणून त्या उपपर्वाचं नाव प्रजागर, जागरण. राजा झोपलेला नाही, त्याचं लक्ष दुसरीकडे नाही, तो प्रश्न विचारतो आहे, 'पुढे सांग' म्हणतो आहे. आणि शेवटी काय म्हणतो? तू म्हणतोस तसंच माझ्याही बुद्धीला वाटतं, पण दुर्योधन समोर आला की ती पुन्हा फिरते.

यात दुर्लक्ष नाही, अविश्वास नाही, कानाडोळा नाही. ऐकलं, पटलं, मान्य केलं, आणि तरीही केलं नाही. दुष्यंताचा विदूषक अरण्यात रडला. विदुर अरण्यात रडला नाही. भोपाळ, चॅलेंजर ही विदुराची प्रकरणं आहेत. तिथे अरण्यरुदन म्हटलं की धृतराष्ट्र सुटतो.

शब्दपारखी, तुम्हाला जे बोचतंय ते हे असावं.

शब्दपारखी

उंबरठा, हेच. मला ते इतकं नीट मांडता येत नव्हतं. 'ऐकू आलं नाही' आणि 'ऐकलं नाही' हा फरक मी पुस्तिकेच्या लेखकांना जशाच्या तसा कळवते आहे.

सांजवात

महाभारताच्या अगदी शेवटी व्यासही तेच म्हणतात ना? 'ऊर्ध्वबाहुर्विरौम्येष न च कश्चिच्छृणोति मे'. हात उंचावून ओरडतो आहे आणि कोणी माझं ऐकत नाही. इथेही 'शृणोति'. संस्कृतातही ऐकण्यात मानणं मिसळलेलंच आहे.

निळाई

ग्रीकांकडे यासाठी एक व्यक्तीच आहे, कॅसांड्रा. ट्रॉयच्या प्रायम राजाची मुलगी. अपोलोनं तिला भविष्य दिसण्याचं वरदान दिलं, तिनं त्याला नाकारल्यावर शाप दिला की तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ती लाकडी घोड्याबद्दल सांगते, कोणी मानत नाही. युरोपीय भाषांत खरा ठरणारा पण न मानला जाणारा इशारा देणाऱ्याला सरळ 'कॅसांड्रा' म्हणतात. मराठीत हा शब्द रुळवायला हरकत काय?

उंबरठा

रुळवायला हरकत नाही, पण तिची अडचण वेगळी आहे. तिच्यावर विश्वासच बसत नाही. व्हिएन्नातला डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस हा खरा कॅसांड्रा. 1847 मध्ये त्यानं प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, बाळंतरोगानं होणारे मृत्यू झपाट्यानं उतरले, आकडे समोर होते, आणि तरी वैद्यकातल्या बहुतांश मोठ्या मंडळींनी ते मानलं नाही. आपल्याच हातांनी रोग जातो हे पटणं त्यांना जड गेलं. 1865 मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला.

अविश्वासाचं ते दुःख निराळं आणि विदुराचं निराळं. मला विदुराचं जास्त भयाण वाटतं.

भाऊबंद

पानिपत कसं आलं नाही अजून? सूरजमल जाटानं सांगितलं होतं, बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा, गनिमी काव्यानं लढा. भाऊसाहेबांनी मानलं नाही. 1761.

मोजपट्टी

भाऊबंद, तो सल्ला होता, इशारा नव्हे. सल्ल्याला पर्यायी सल्ला असू शकतो. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा आधार घेऊन समोरासमोर लढण्यामागेही विचार होता. निकाल उलटा लागला म्हणून न मानलेला प्रत्येक सल्ला 'डावललेला इशारा' होत नाही. नाहीतर प्रत्येक पराभवामागे आपण एक विदुर उभा करू. इशाऱ्यात विशिष्ट धोका, त्याचं कारण आणि ते सांगणाऱ्याकडे ते कळण्याचं साधन, या गोष्टी हव्यात असं मला वाटतं.

टपालखातं

मोजपट्टींच्या कसोटीवर पुरेपूर उतरणारं एक प्रकरण सांगतो. वाचून बरेच दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही.

वेल्समधलं ॲबरफॅन नावाचं खाणकामगारांचं गाव. गावाच्या वर डोंगरावर कोळसाखाणीतल्या टाकाऊ मालाचे ढीग. सातवा ढीग 1958 पासून झऱ्यांच्या जागेवर रचला जात होता. खाली पँटग्लास प्राथमिक शाळा. 1963 मध्ये स्थानिक परिषदेच्या अभियंत्यानं राष्ट्रीय कोळसा मंडळाशी पत्रव्यवहार सुरू केला. पत्राचा विषयच असा की पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळापासूनचा धोका. पत्राला उत्तरं आली. 21 ऑक्टोबर 1966 ला सकाळी, मुलं नुकतीच वर्गात बसली असताना, ढीग घसरला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं.

शाळेचं नाव विषयाच्या ओळीत होतं.

मला यात मराठीतलं 'बजावणे' आठवतं. फारसीतल्या 'बजा आवर्दन', पार पाडणे, यावरून आलेलं. कर्तव्य बजावतो, नोटीस बजावतो, आणि ताकीदही 'बजावून' सांगतो. नोटीस हातात पडली की बजावली गेली, वाचली की नाही हा प्रश्न नाही. दप्तरी व्यवहारात इशाऱ्याचंही तसंच होतं. 'कानावर घातलं होतं', 'लेखी कळवलं होतं'. पाठवणाऱ्याचं काम पूर्ण, घेणाऱ्याची आवकनोंद पूर्ण, आणि ढीग तिथेच. चौकशी आयोगानं दुष्टपणापेक्षा अज्ञान, अकार्यक्षमता आणि संपर्काचा अभाव यांना दोष दिला होता. मला 'संपर्काचा अभाव' हे शब्द अपुरे वाटतात. पत्रं तर पोचत होती.

शब्दपारखी

ती विषयाची ओळ वाचून बराच वेळ पुढे काही वाचवलं नाही.

भूगोलवही

धागा जिथे चालला आहे तिथे उलट बाजूही नोंदवली पाहिजे, कारण ऐकलेल्या इशाऱ्यांना भाषेत काहीच नाव नाही आणि म्हणून ते लक्षातही राहत नाहीत.

13 नोव्हेंबर 1985 ला कोलंबियातला नेवाडो देल रुईझ ज्वालामुखी जागा झाला. डोंगरावरचं बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला आणि आर्मेरो शहर गाडलं गेलं. 20,000 हून अधिक माणसं मेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता आणि आर्मेरो त्यावर धोक्याच्या पट्ट्यात दाखवलं होतं. त्या संध्याकाळी राख पडत असताना लोकांना घरात शांत राहायला सांगितलं जात होतं.

यानंतर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं परदेशांत मदतीला धावून जाणारं ज्वालामुखी पथक उभं केलं. 1991 मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुसफुसू लागला तेव्हा हे पथक तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर होतं. त्यांनी नुसते आलेख दाखवले नाहीत. मॉरिस क्राफ्ट या ज्वालामुखीतज्ज्ञानं चित्रित केलेली फीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली. लोंढा कसा येतो, राखेचा तप्त ढग कसा उतरतो, आर्मेरोचं काय झालं. क्राफ्ट आणि त्याची पत्नी काटिया 3 जूनला जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर मरण पावले. पिनाटुबोचा महास्फोट 15 जूनला झाला. तोवर हजारो लोकांना हलवलं गेलं होतं. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी तो एक, आणि जीवितहानी आर्मेरोच्या तुलनेत कितीतरी कमी.

आपल्याकडे ओडिशा. 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10,000 माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे 10 लाख लोकांना आधीच निवाऱ्यात नेलं होतं. मृत्यू काही डझनांत राहिले. मधल्या वर्षांत बांधलेली निवारागृहं, दारोदार जाणारे स्वयंसेवक, रंगीत तालमी, हे सगळं त्या इशाऱ्याच्या मागे होतं. उंबरठा म्हणतात त्या दुसऱ्या अर्थानं 'ऐकण्या'ला जायला जागा लागते, रस्ता लागतो, वाहन लागतं. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्यानं इशारा ऐकला नाही असं म्हणताना मला जीभ अडखळते.

रात्रपाळी

भूगोलवही, शेवटचं वाक्य फार मोलाचं.

कडूलिंब

हे सगळं वाचून मी एक पाऊल पुढे येतो. 'अरण्यरुदन' चूक नाही, हे कायम. पण जिथे ऐकणाऱ्याचं नाव माहीत आहे तिथे ते वापरू नये, हे मला मान्य. नाव माहीत असताना कर्तरी वाक्य लिहावं. 'कंपनीने आणि प्रशासनाने हे इशारे डावलले.' ज्यांचे इशारे खरोखर कुणापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांच्यासाठी अरण्यरुदन राखून ठेवावं. तेही काही कमी दुःख नाही.

शाळाबाई

नववीला मराठी शिकवते. धागा वर्गात वाचून दाखवला तर चालेल ना? एक शंका आहे. मुलं 'अरण्यरुदन'चा वाक्यात उपयोग असा करतात: "मुलगा हरवल्यामुळे आईने अरण्यरुदन केले." मी ते चूक देते, पण पालक विचारतात, आई रडलीच ना? नीट कारण कसं सांगू? आणि 'अरण्यपंडित' याच कुळातला का?

पोथीवाचक

शाळाबाई, जरूर वाचून दाखवा.

चूक देता ते योग्यच. अरण्यरुदन म्हणजे मोठ्यानं किंवा दुःखानं रडणं नव्हे, त्याला 'आक्रोश' आहे, 'हंबरडा फोडणे' आहे. अरण्यरुदनात डोळ्यांतून पाणी यायची गरजच नाही. विनंती, तक्रार, सल्ला, इशारा असं काहीतरी दुसऱ्याला उद्देशून बोललेलं असावं लागतं, आणि ते वाया गेलेलं असावं लागतं. आईचं वाक्य असं दुरुस्त करता येईल: "मुलाचा शोध घ्या म्हणून आईने ठाण्यात वारंवार विनवले, पण ते अरण्यरुदनच ठरले." 'केले'पेक्षा 'ठरले' बरं, कारण ते अरण्यरुदन होतं हे नंतर कळतं. बोलताना माणूस ऐकलं जाईल या आशेनंच बोलत असतो.

अरण्यपंडित त्याच कुळातला. जिथे वाद घालायला दुसरा कोणी नाही अशा ठिकाणी मिरवणारा विद्वान. तिथेही अरण्य म्हणजे माणसांचा अभावच, फक्त त्याचा फायदा घेणारा.